टाक्यांची रेघ: अमेरिकेतल्या रेल्वेकाठच्या शेतकरी गावांचे जुने टोपो नकाशे कसे वाचायचे

अमेरिकेच्या जुन्या टोपो नकाशांवर रेल्वे म्हणजे एक बारीक काळी रेघ आणि तिच्यावर ठरावीक अंतराने आडव्या खुणा, जखमेवर घातलेल्या टाक्यांसारख्या. कॅन्सस, नेब्रास्का, आयोवा, डकोटा, या शेतीच्या पट्ट्यातला कुठलाही जुना नकाशा उघडलात तर आधी ही टाक्यांची रेघ शोधा, बाकी सगळं नंतर. गाव नेमकं इथेच का, धान्याची कोठारं तिथे का, सरळ चाललेला रस्ता मध्येच तिरका का झाला, यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्या रेघेपाशी सापडतात. मी सुरुवातीला नुसती गावांची नावं वाचत बसायचो, एकामागून एक, आणि नकाशा काही बोलायचा नाही. एकदा रेघेच्या बाजूने वाचायला लागलो आणि मग मात्र तासन् तास कसे जायचे ते कळेना.

आधी टोपो नकाशा म्हणजे काय ते बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. साध्या नकाशावर गाव, रस्ते, नद्या असतात, पण जमीन वर चढते की खाली उतरते ते कळत नाही. टोपो नकाशावर ते समोच्च रेषांनी दाखवतात. समुद्रसपाटीपासून एकाच उंचीवरचे सगळे बिंदू जोडून काढलेली रेषा म्हणजे समोच्च रेषा. रेषा जवळजवळ आल्या की तीव्र चढ, लांबलांब असल्या की सपाट. अमेरिकेत या उंच्या फुटात असतात, सपाट भागात दर ५ किंवा १० फुटांना एक रेषा आणि डोंगराळ भागात २०, ४० किंवा त्याहून जास्त फुटांना एक, आणि मोजायला सोपं जावं म्हणून साधारण दर पाचवी रेषा जाड. ओढा ओलांडताना रेषा इंग्रजी व्ही अक्षरासारखी वळते आणि त्या व्हीचं टोक ओढ्याच्या उगमाकडे असतं. एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

हे नकाशे काढले यूएस जिऑलॉजिकल सर्व्हे या सरकारी खात्याने, लोक त्याला यूएसजीएस म्हणतात. खातं सुरू झालं १८७९ मध्ये, पहिले संचालक क्लॅरेन्स किंग, आणि त्यांच्यानंतर १८८१ मध्ये आले जॉन वेस्ली पॉवेल, यादवी युद्धात एक हात गमावलेला आणि त्यानंतर कोलोराडो नदीतून होड्या घालून गेलेला माणूस. अख्ख्या देशाचे एकाच पद्धतीने नकाशे काढायचे हा आग्रह त्यांचा, आणि १८८४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने त्याला मान्यता दिली. तिथून पुढे शंभराहून जास्त वर्षं हे काम चाललं. १८८४ ते २००६ या काळात छापलेले १ लाख ७८ हजारांहून जास्त नकाशे आता स्कॅन करून सगळ्यांसाठी फुकट ठेवलेत. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. एखाद्या शेतकऱ्याच्या पणजोबांचं घर जिथे होतं तो काळा ठिपका आज कुणीही घरबसल्या बघू शकतो.

स्केलचं गणित थोडक्यात सांगतो. प्रत्येक नकाशा म्हणजे अक्षांश-रेखांशांनी कापलेली एक चौकट. एका अंशाचे ६० मिनिटं असतात ना, तर सुरुवातीच्या बऱ्याच चौकटी ३० मिनिटांच्या होत्या, १:१२५,००० स्केलच्या, म्हणजे नकाशावरचा एक इंच जमिनीवर जवळपास २ मैल. मग १५ मिनिटांच्या आल्या, १:६२,५००, एक इंच म्हणजे जवळपास एक मैल. आणि शेवटी साडेसात मिनिटांच्या, १:२४,०००, एक इंच म्हणजे बरोबर २,००० फूट. ही शेवटची मालिका १९४७ ते १९९२ या काळात अलास्का सोडून बाकी मुख्य भूमीसाठी पूर्ण केली गेली. गावातली गल्ली, शाळा, एकेकटं शेतघर बघायचं असेल तर साडेसात मिनिटांचाच नकाशा घ्यायचा, पण खरा जुना काळ बघायचा असेल तर मोठ्या चौकटींशिवाय पर्याय नाही. चौकटीला नाव बहुतेक वेळा तिच्यातल्या एखाद्या गावाचं किंवा ठळक जागेचं देतात, म्हणून शोधताना आपल्या गावाचं नाव सापडलं नाही तर घाबरायचं नाही, ते शेजारच्या गावाच्या नावाखाली असतं.

रंगसुद्धा ठरलेले. काळा म्हणजे माणसाने केलेलं, घरं, रेल्वे, गावांची नावं. निळं पाणी. तपकिरी समोच्च रेषा. हिरवा पुढे आला, झाडी आणि फळबागांसाठी, फळबागेचे तर हिरवे ठिपके ओळीत मांडलेले असतात. लाल रंग मोठे रस्ते आणि जमिनीच्या मोजणीच्या रेषांना. जांभळा दिसला तर थांबा, त्याच्याबद्दल पुढे सांगतो. सुरुवातीला तर तीनच रंग होते, काळा, निळा आणि तपकिरी, आणि प्रत्येक रंगाची तांब्याची वेगळी प्लेट हाताने कोरायचे, तीही उलटी, म्हणजे छापल्यावर सुलटी यावी. एकेक समोच्च रेषा कुणीतरी तांब्यावर उलटी कोरलीये हे लक्षात ठेवून १८९० च्या दशकातला नकाशा झूम करून बघा, बघण्यात फरक पडतो.

आणि कोरण्याआधी जमिनीवरचं काम. तिपाईवर एक लाकडी फळा, त्याला प्लेन टेबल म्हणतात, त्याच्यावर कागद ताणलेला, आणि कागदावर ठेवायची दुर्बीण लावलेली पट्टी, अ‍ॅलिडेड. दूर एक माणूस आकडे लिहिलेली उंच काठी धरून उभा. दुर्बिणीत दोन आडव्या तारा असतात, त्या दोन तारांच्या मध्ये काठीचे जितके फूट दिसतील त्याला शंभराने गुणलं की अंतर आलं. काठीचे ३ फूट दिसले तर माणूस ३०० फुटांवर उभा आहे. टेप ओढत शेतं तुडवत फिरायची गरज नाही. असे मोजलेले बिंदू कागदावर मांडायचे आणि मधल्या रेषा समोर दिसणाऱ्या जमिनीकडे बघत हाताने काढायच्या. म्हणून अगदी सुरुवातीच्या नकाशांवर मोजलेल्या बिंदूंच्या मधला भाग नजरेच्या अंदाजाने भरलेला असतो, त्या रेषांवर फार भिस्त ठेवू नका. विमानातून काढलेल्या फोटोंवरून नकाशे करायची पद्धत १९३० च्या दशकात आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तीच मुख्य झाली.

उंची मोजायची कामं मात्र पुष्कळदा रेल्वेच्या रुळांच्या कडेकडेने व्हायची. रुळांचा चढ सौम्य असतो, दोन्हीकडे नजर लांबवर जाते, साहित्य न्यायला सोपं. सुरुवातीच्या काळात तर रेल्वे कंपन्यांनी स्वतःच्या लाईनसाठी मोजलेल्या उंच्याच वापरल्या जायच्या. म्हणून बीएम अशी अक्षरं आणि शेजारी उंचीचा आकडा, म्हणजे बेंचमार्क, उंची नेमकी मोजून पक्की केलेली खूण, हे तुम्हाला रुळांजवळ रांगेने सापडतात. रेल्वेने नकाशात गावं आणली हे सगळे सांगतात, पण उंच्याही बऱ्याच अंशी तिच्याच रस्त्याने आल्या.

आता चौकोनांकडे येऊ, कारण ही टाक्यांची रेघ कोऱ्या जमिनीवरून जात नाही, एका भल्यामोठ्या जाळीवरून जाते. १७८५ च्या जमीन कायद्याने ठरलं की सरकारी जमीन विकायच्या आधी चौकोनात मोजायची. ६ मैल बाय ६ मैल ही एक टाउनशिप, तिचे ३६ तुकडे, प्रत्येक तुकडा १ मैल बाय १ मैल, म्हणजे ६४० एकर, त्याला सेक्शन म्हणतात. सेक्शनला १ ते ३६ नंबर, आणि ते शेतात नांगर फिरतो तसे, ईशान्य कोपऱ्यात १ पासून सुरू, पश्चिमेकडे ६ पर्यंत, मग खाली उतरून ७ आणि परत पूर्वेकडे, असं करत आग्नेय कोपऱ्यात ३६. नकाशावर चौकोनांच्या मध्ये हे नंबर असतात, आणि १५ मिनिटांच्या नकाशावर एक सेक्शन जवळजवळ एक इंचाचा दिसतो, साडेसात मिनिटांच्यावर अडीच इंचांहून थोडा मोठा. १६ नंबरचा सेक्शन शाळेसाठी राखीव असायचा, पुढे बऱ्याच राज्यांमध्ये ३६ नंबरही. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने माणशी १६० एकर द्यायचे ठरलं, म्हणजे सेक्शनचा बरोबर पाव भाग. म्हणजे एका सेक्शनमध्ये चार घरं, एकेक आपापल्या पाव भागात, रस्त्याच्या कडेला. जुन्या नकाशावर सेक्शनमध्ये घरांचे किती काळे चौकोन आहेत ते मोजा, वस्ती किती दाट होती ते लगेच कळतं.

ही जाळी जिथे घातली ती जमीन त्याआधी इथल्या मूळ रहिवाशांची होती, आणि करार करवून, नंतर ते मोडून, कुठे सैन्याच्या जोरावर त्यांना हटवल्यावरच मोजणीदार आले, हे नकाशावर कुठेही लिहिलेलं नसतं. रिझर्व्हेशनची, म्हणजे मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीची, तुटक हद्द तेवढी दिसते. नकाशा कितीही सुंदर असला तरी तो कुणाच्या बाजूने सुरू होतो ते वाचणाऱ्याने मनात धरलं पाहिजे.

एक गंमतीचा भाग इथे सांगतो. पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तर-दक्षिण रेषा उत्तरेकडे जवळ येत जातात, आणि मग चौकोन चौकोन राहत नाहीत. म्हणून ठरावीक अंतरावर, पुष्कळ ठिकाणी २४ मैलांवर, मोजणी नव्याने जुळवून घ्यायचे. त्या ओळीवर सरळ उत्तरेकडे चाललेला रस्ता अचानक बाजूला सरकतो, थोडा पूर्वेला किंवा पश्चिमेला जातो आणि पुन्हा सरळ उत्तरेकडे. आजही गाडी चालवताना हे वळण लागतं, आणि नकाशावर बघितलं की कळतं, हे गोल पृथ्वीचं वळण आहे.

आता रेल्वे. १८६२ च्या पॅसिफिक रेल्वे कायद्याने लाईन टाकणाऱ्या कंपन्यांना जमिनी दिल्या, लाईनच्या दोन्ही बाजूंना १० मैलांच्या पट्ट्यातले एकाआड एक सेक्शन, विषम नंबरांचे कंपनीला आणि सम नंबरांचे सरकारकडे, बुद्धिबळाच्या पटासारखे. १८६४ मध्ये हा पट्टा दुप्पट केला. कंपनीचं गणित सोपं होतं, जमीन विकायची, त्यावर शेतकरी बसवायचा, मग त्याचाच गहू आणि मका आपल्याच डब्यांतून न्यायचा. म्हणजे गाव आधी आणि रेल्वे नंतर असं बऱ्याच ठिकाणी झालंच नाही, रेल्वे आली, कंपनीने किंवा तिच्या माणसांनी गावाचे प्लॉट पाडले, नाव दिलं. नेब्रास्कात बर्लिंग्टन अँड मिसुरी रिव्हर रेलरोडने तर स्टेशनांची नावं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने ठेवली, क्रीट, डॉर्चेस्टर, एक्सेटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड, इनलँड, जुनियाटा, केनेसॉ, लोवेल. सी, डी, ई, एफ करत जा, पुढचं अक्षर पुढच्या स्टेशनावर. या भागाचे नकाशे ओळीने लावून रुळांवरून बोट फिरवलं तर मुळाक्षरं वाचल्यासारखं वाटतं.

स्टेशनं साधारण सहा ते दहा मैलांवर असायची. शेतकऱ्याने सकाळी घोडागाडीत धान्य भरून निघावं, स्टेशनावर विकावं आणि अंधार पडायच्या आत घरी यावं, हा त्यामागचा हिशोब. वाफेच्या इंजिनाला पाणीही लागायचं, त्यामुळे लाईनवर पाण्याच्या टाक्या अधूनमधून हव्याच. म्हणून या नकाशांवर गावांमधलं अंतर मोजलं तर ते घोड्याच्या आणि इंजिनाच्या दमाचं अंतर निघतं. पुढे मोटारगाडी आली, ट्रक आले, आणि या अंतराला काही अर्थच उरला नाही, तीन गावांचं काम एका गावात व्हायला लागलं. नकाशावर पुढे जे काही घडतं त्यातलं बरंचसं इथून सुरू होतं.

चढाचं गणित तुम्ही स्वतः करून बघा, मला हा सगळ्यात आवडणारा प्रकार. मालगाडीला चढ आवडत नाही, १ टक्का चढ म्हणजे १०० फुटांत १ फूट, आणि तोही जड गाडीला भारी पडतो. आता साडेसात मिनिटांचा नकाशा घ्या, समोच्च रेषा १० फुटांच्या असतील तर १ टक्का चढाची लाईन दर १,००० फुटांना एक तपकिरी रेषा ओलांडणार, आणि १,००० फूट म्हणजे नकाशावर अर्धा इंच. पट्टी ठेवा. रुळांवर दोन तपकिरी रेषा अर्ध्या इंचाहून जास्त लांब असतील तर चढ १ टक्क्याच्या आत, जवळ असतील तर इंजिनाला तिथे चांगलीच धाप लागत असणार. म्हणूनच शेतांमधले रस्ते जाळीवरून नाकासमोर जातात पण रूळ ओढ्याच्या कडेने वळणं घेत समोच्च रेषांशी जुळवून घेतात, आणि जिथे जुळवून घेता येत नाही तिथे टेकडी खोदून नाहीतर भराव घालून जातात. रूळ पुढे उपटले गेले तरी ती खोदाई आणि तो भराव राहतो.

आता एका गावात उतरू. खरं गाव नाही, या पट्ट्यात शेकड्याने सापडतील अशांपैकी एक समजा. रेल्वे तिरकी, वायव्येकडून आग्नेयेकडे आलेली. गावाच्या गल्ल्या रुळांना समांतर आणि काटकोनात, त्यामुळे अख्खं गाव भोवतालच्या सरळ चौकोनांमध्ये वाकडं बसलेलं दिसतं, चौकटीत तिरका ठेवलेला पत्त्याचा कॅट जसा. हे वाकडेपण दिसलं की समजायचं, प्लॉट पाडणारा रुळांकडे बघत होता. मुख्य रस्ता रुळांपासून काटकोनात निघतो. रुळांना लागून बाजूला एक छोटी समांतर रेघ, ती सायडिंग, डबे उभे करायला, आणि तिच्या काठी लांबट काळे आकार, ती धान्याची उंच कोठारं, तिकडे एलिव्हेटर म्हणतात. छोट्या झेंड्याचा चौकोन म्हणजे शाळा, क्रॉसवाला म्हणजे चर्च. गावाबाहेर टेकाडावर आखलेला तुकडा म्हणजे दफनभूमी. आणि मग गावापासून चार-पाच मैलांवर, दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर, एकटाच झेंडेवाला चौकोन. ती एका खोलीची शाळा, आजूबाजूच्या शेतांवरच्या पोरांनी चालत यायची. १९३० च्या सुमारास अमेरिकेत अशा एकशिक्षकी शाळा दीड लाखाच्या आसपास होत्या. त्या पुढे मोठ्या शाळांमध्ये मिसळल्या, मुलं बसने जायला लागली, आणि नंतरच्या नकाशांवरून ते झेंडे एकेक करून उतरले. एकाच चौकटीचे १९२० च्या आणि १९७० च्या दशकातले नकाशे शेजारी ठेवा आणि फक्त झेंडे मोजा. मी मोजत बसतो तेव्हा दर वेळी गलबलून येतं, कारण त्या प्रत्येक झेंड्याखाली चूल, फळा, पाण्याची बादली असं सगळं होतं.

शेजारी ठेवून बघणं हीच खरी पद्धत आहे. एकटा नकाशा एका दिवसाची गोष्ट सांगतो, दोन नकाशे मधल्या वर्षांची. अमेरिकेत रेल्वेचं जाळं सगळ्यात मोठं झालं १९१६ मध्ये, सुमारे २ लाख ५४ हजार मैल, आज ते १ लाख ४० हजारांच्या आसपास आहे. शेतांची संख्या १९३५ मध्ये ६८ लाखांवर पोचली होती, आता २० लाखांच्या आसपास. हे आकडे वाचून काही होत नाही, पण नकाशावर काळे चौकोन एकामागून एक गायब होताना बघितले की कळतं. सेक्शनमध्ये चार घरं होती तिथे एक राहतं, कारण शेजाऱ्याची जमीन शेजाऱ्याने घेतली आणि मोठ्या यंत्रांनी एकट्याने कसली. दक्षिणेत, मिसिसिपी डेल्टात, हे आणखी ठळक दिसतं. तिथे कापसाच्या शेतांमधून रस्त्यांच्या कडेने घरांचे बारीक चौकोन अक्षरशः मुंग्यांच्या रांगेसारखे असायचे, ती वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबांची घरं, त्यांत कृष्णवर्णीय कुटुंबं खूप मोठ्या संख्येने. कापूस वेचायची यंत्रं आली, लोक आधीपासूनच उत्तरेच्या शहरांकडे निघाले होते, आणि नंतरच्या नकाशांवर त्या रांगा पुसल्या गेल्यात. नकाशावर मालकाचं नाव नसतं, मालकाचं घर आणि वाटेकऱ्याचं घर दोन्ही काळे चौकोनच, पण रांगेवरून ओळखता येतं.

रेल्वे न आल्याने काय झालं तेही बघण्यासारखं आहे. कॅन्ससमधलं निकोडेमस हे गाव १८७७ मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी वसवलं. त्यांना रेल्वे हवी होती, वाट बघत होते, आणि १८८८ च्या सुमारास लाईन गेली ती सॉलोमन नदीच्या पलीकडून, काही मैलांवरून. दुकानं उठून रुळांकडे, बोग नावाच्या नव्या वस्तीत गेली. निकोडेमस संपलं नाही, आज ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, पण जे वाढणार होतं ते वाढलं नाही. नकाशावर नदीची एक बाजू आणि दुसरी बाजू, मध्ये बोटाएवढं अंतर, आणि अख्ख्या गावाचं नशीब त्या बोटाएवढ्या अंतरात.

आणि काही गावं पाण्याखाली. नॉर्थ डकोटात मिसुरी नदीवर गॅरिसन धरण झालं आणि १९५३ च्या सुमारास एल्बोवुड्स बुडालं, फोर्ट बर्थोल्ड रिझर्व्हेशनवरचं, मँडन, हिदात्सा आणि अरिकारा लोकांचं नदीकाठचं शेतीचं गाव, शाळा, दवाखाना, सगळं. आधीच्या नकाशावर नदीकाठची सपाट जमीन आणि घरं, नंतरच्या नकाशावर नुसता निळा रंग.

आता तारखा, कारण इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात एक वर्ष ठळक लिहिलेलं असतं, पण ते कशाचं ते बघा. सर्व्हे झाल्याचं वर्ष वेगळं, आवृत्तीचं वेगळं आणि पुन्हा छापल्याचं वेगळं. समजा सर्व्हे १८८९ चा, आवृत्ती १८९३ ची आणि छपाई १९१० ची. मग त्या नकाशावर जे आहे ते १९१० मध्ये होतं असं म्हणता येणार नाही, तो बहुतांशी १८८९ चा नकाशा आहे. आणि जांभळा रंग म्हणजे विमानातून काढलेल्या फोटोंवरून नंतर भरलेले बदल, जे प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासलेले नाहीत. जांभळ्या रंगात नवा रस्ता दिसतो, पण त्याच नकाशावरची काळी शाळा तेव्हा चालू होती की नाही ते नक्की सांगता येत नाही.

आणखी एक, याच्याबद्दल फार कमी लोक बोलतात. मैदानी भागात पुष्कळ ठिकाणी १८९० च्या दशकातला ३० मिनिटांचा नकाशा आहे आणि त्यानंतर थेट १९६० किंवा ७० च्या दशकातला. मधली साठ-सत्तर वर्षं रिकामी. एखादी शाखा लाईन १९०८ मध्ये आली आणि १९४० मध्ये उखडली, तर ती दोन्ही नकाशांवर नसणार, आणि तिच्यावरचं छोटं गावही नसणार. म्हणजे नकाशावर नाही म्हणून नव्हतंच असं म्हणू नका. ही पोकळी भरायला काउंटीचे, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यासारख्या भागाचे, जमीनमालकांचे अ‍ॅटलास आहेत, त्यात नावं असतात. गावासाठी सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे आहेत, घर लाकडाचं की विटांचं इतकं बारीक. आणि १९३० च्या दशकाच्या मध्यापासून सरकारने किती एकरांत काय पेरलंय ते तपासायला शेतांचे विमानातून फोटो काढले, ते तर सोनं आहे.

नावांचंही जपून. १८९० मध्ये नावं एकसारखी करायला मंडळ नेमलं आणि त्याने बर्ग या शेपटातलं इंग्रजी एच अक्षर उडवलं, त्यात पेनसिल्व्हेनियातलं पिट्सबर्गही सापडलं, आणि १९११ मध्ये त्या शहराने ते एच परत मिळवलं. लहान गावांना तसं भांडता आलं नाही. म्हणून शोधताना दोन-तीन स्पेलिंग करून बघा. आणि रुळांवर लिहिलेलं प्रत्येक नाव गावाचं नसतं, कधी ती नुसती सायडिंग असते, एकही घर नसलेली.

नकाशे मिळवायचे कसे, तर यूएसजीएसची टोपोव्ह्यू ही वेबसाइट उघडायची, जागेवर क्लिक करायचं, वर्षांची पट्टी सरकवायची, त्या जागेचे जितके नकाशे असतील तितके समोर येतात, पैसे नाहीत, लॉगिन नाही. नुसतं बघायचं असेल तर जेपेग घ्या, गुगल अर्थवर ठेवून बघायचं असेल तर केएमझेड, आणि क्यूजीआयएससारखं नकाशांचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर जिओटिफ. आजच्या नकाशावर जुना ठेवलात आणि रेघा थोड्या सरकलेल्या दिसल्या तर नकाशा खोटा आहे असं लगेच समजू नका. बऱ्याच जुन्या नकाशांचं मोजमाप १९२७ च्या पायावर आहे, म्हणजे जागा कुठून आणि कशी मोजायची याच्या तेव्हा ठरलेल्या पद्धतीवर, इंग्रजीत डेटम, आणि त्या पायाचा मूळ बिंदू कुठे होता माहितीये, कॅन्ससमधल्या ऑस्बोर्न काउंटीत, मीड्स रँच नावाच्या कुरणात. अख्ख्या उत्तर अमेरिकेच्या नकाशांचं मोजमाप एका चराऊ रानातल्या खुणेपासून सुरू व्हायचं. १९८३ ची पद्धत पृथ्वीच्या केंद्रापासून मोजते, त्यामुळे दोघांत काही मीटरपासून जवळपास शंभर मीटरपर्यंत फरक पडतो. सॉफ्टवेअरला कुठला पाया ते सांगितलं की रेघा जागेवर येतात.

आणि रूळ गेल्यावर काय उरतं ते शोधायचं असेल तर नकाशावर ओल्ड रेलरोड ग्रेड असं लिहिलेली तुटक रेघ बघा. काही ठिकाणी तिथे आता सायकलचा रस्ता आहे, मिसुरीत कॅटी ट्रेल तर सुमारे २४० मैलांचा, जुन्या मिसुरी-कॅन्सस-टेक्सस लाईनवरचा. बाकी ठिकाणी काहीच लिहिलेलं नसतं. तिथे जुना नकाशा आजच्या सॅटेलाइट फोटोवर ठेवा आणि टाक्यांची रेघ जिथून जायची तिथे बघा. सरळ चौकोनी शेतांमधून एक तिरकी झाडांची ओळ जाताना दिसेल, मध्येच तुटलेली, भरावावर उगवलेली. तिच्या एका बाजूला पेरणीच्या ओळी रस्त्याला समांतर आणि दुसऱ्या बाजूला तिरक्या, कारण शेतकरी ट्रॅक्टर घेऊन अजूनही त्या रुळांना वळसा घालतो.